नवऱ्याची केमो चालू असताना बायकोचं काम नेमकं काय?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: तुमच्या मिस्टरांना अ‍ॅक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे एएमएल, हा झपाट्यानं वाढणारा रक्ताचा कॅन्सर निघाला. निदानानंतर लगेच दाखल करून केमो सुरू केली, आज दहावा दिवस. पांढऱ्या पेशी जवळपास संपल्यात, दोनदा प्लेटलेट लावून झाल्या. डॉक्टर म्हणतात, सगळं अपेक्षेप्रमाणे चाललंय. तुम्हाला मात्र समोर दिसतोय तो न जेवणारा, भिंतीकडे तोंड करून पडणारा आणि बोललाच तर चिडून बोलणारा माणूस. पहिल्या रात्रीपासून तुम्ही खुर्चीतच झोपताय, रजा संपत आलीय. तुमचा बोन मॅरो, म्हणजे हाडांतला रक्तपेशी तयार करणारा मगज, त्यांना चालेल का, हेही विचारलंय. आणि शेवटची ओळ: ‘मी त्यांना धीर द्यायला कमी पडतेय का?’

मी रक्तविकारांच्या वॉर्डात बरीच वर्षं सिस्टर होते, आता तिथेच नव्या सिस्टरांना शिकवते. शेवटच्या ओळीचं उत्तर आधी देते, कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे. नाही, तुम्ही कमी पडत नाही आहात. पण धीर देणं हेच आपलं काम आहे असं धरून चाललात तर रोज कमी पडल्यासारखं वाटेल, कारण धीर मोजता येत नाही आणि तो दिल्यानं काउंट, म्हणजे रक्तपेशींचे आकडे, वर येत नाहीत. त्या वॉर्डात एएमएल माहीत असलेली माणसं भरपूर आहेत. पण आजारी पडायच्या आधीचे तुमचे मिस्टर कसे होते, किती बोलायचे, कसे झोपायचे, दुखलं की सांगायचे की गिळून टाकायचे, हे तिथे फक्त तुम्हाला माहीत आहे. तुमचं काम त्या माहितीतून निघतं. त्यांच्यात काय बदललं ते ओळखायचं आणि वेळेवर सांगायचं.

काही गोष्टी मी इथून सांगू शकत नाही. त्यांचं वय, इतर आजार, आणि विशेषतः जनुकीय तपासण्यांचे रिपोर्ट, यावर पुढचं बरंच ठरतं. प्रत्येक वॉर्डाचे भेटण्याचे, मास्कचे, बाहेरच्या खाण्याचे नियमही वेगळे असतात. माझं म्हणणं आणि तुमच्या वॉर्डाचा नियम जुळला नाही तर वॉर्डाचा नियम पाळा.

आधी आत्ता काय चाललंय ते बघू. वर्णनावरून त्यांना नेहमीची ‘सात आणि तीन’ दिलेली दिसते: सायटाराबिन सलग सात दिवस, आणि त्यातले पहिले तीन दिवस डॉनोरुबिसिन किंवा त्याच्या जातीचं दुसरं औषध, ते लालसर रंगाचं. एएमएलच्या उपचाराचा हा पाया १९७० च्या दशकापासून आहे. ही औषधं बिघडलेल्या पेशी निवडून मारत नाहीत. मॅरोमध्ये भराभर वाढणारं जे जे सापडेल ते सगळं साफ करतात. म्हणून केमो संपली तरी माणूस खाली खालीच जात राहतो, आणि बघणाऱ्याला वाटतं की आता औषधही नाही, मग असं का? चांगल्या पेशी पुन्हा दिसायला केमोच्या पहिल्या दिवसापासून साधारण तीन ते चार आठवडे लागतात, कधी जास्तही. म्हणजे तुम्ही आत्ता सगळ्यात खोल टप्प्यात आहात आणि अजून काही दिवस तो तसाच राहणार आहे.

प्लेटलेटबद्दल तुम्ही लिहिलंय की परवा लावल्या आणि आज पुन्हा कमी, म्हणजे काहीतरी बिघडतंय. तसं नाही. निरोगी माणसाच्या शरीरातही प्लेटलेट आठ-दहा दिवसच टिकते. बाहेरून दिलेली, तापात, याहून खूप कमी. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, रक्तात जेमतेम एखादा दिवस असतात. लाल पेशी मात्र सुमारे १२० दिवस जगतात. मॅरो बंद पडला की आधी पांढऱ्या पेशी संपतात, मग प्लेटलेट, आणि हिमोग्लोबिन सावकाश उतरतं. नवीन तयारच होत नसतील तोवर दर दोन-तीन दिवसांनी प्लेटलेट लावाव्या लागणं हा या टप्प्याचा भागच आहे. रक्तस्राव नसेल तर साधारणपणे १०,००० च्या खाली गेल्यावर लावतात; ताप किंवा रक्तस्राव असेल तर त्याआधीच.

आणि हे लक्षात ठेवा, कारण रोज सकाळी रिपोर्ट आला की घरचे सगळे आकड्यावर तुटून पडतात: काउंट पडणं ही वाईट बातमी नाही आणि औषध लागू पडल्याचा पुरावाही नाही. आजार हटला की नाही हे बोन मॅरोची तपासणी सांगते. मॅरोमध्ये ब्लास्ट, म्हणजे अपक्व पेशी, पाच टक्क्यांच्या खाली आणि रक्ताचे काउंट सावरलेले, याला रेमिशन म्हणतात. तोपर्यंत रोजच्या आकड्यावरून घरातलं वातावरण ठरवू नका.

आता लक्ष ठेवणं म्हणजे काय, ते. इथे मी जरा जास्त थांबणार आहे.

सगळ्यात वर ताप. जखम पिकणं, लाल होणं, खोकल्यात बेडका पडणं, ही सगळी पांढऱ्या पेशींची कामं आहेत. त्याच नसतील तर शरीरात इन्फेक्शन असूनही बाहेरून काहीच दिसत नाही. ताप हीच पहिली आणि पुष्कळदा एकमेव खूण असते. न्यूट्रोफिल ५०० च्या खाली असताना ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, हा आकडा तुमच्या डोक्यात कोरला गेला पाहिजे. आपल्या नेहमीच्या हिशेबात हा ‘जरा कणकण’ वाटणारा ताप. या वॉर्डात तो आणीबाणीचा. अँटिबायोटिक तासाभराच्या आत शिरेत जायला हवं असा आमचा प्रयत्न असतो. म्हणून डोकं दुखतंय, अंग मोडून आलंय म्हणून पर्समधली पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. ताप दबतो आणि आमची एकमेव खूण जाते. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन तर मुळीच नको, त्यांनी प्लेटलेटचं उरलंसुरलं कामही बिघडतं.

ताप मोजायला सिस्टर येतातच. त्या दोन वेळांच्या मध्ये जे घडतं ते तुम्हाला दिसतं. हुडहुडी भरली, विशेषतः लाइन, म्हणजे औषधं देण्यासाठी शिरेत बसवलेली नळी, फ्लश केल्यानंतर (आतून धुतल्यानंतर) थोड्या वेळात, तर बेल दाबा. ‘आत्ताच तर मोजला, नॉर्मल होता’ म्हणून थांबू नका. लाइनमधलं इन्फेक्शन असंच दाखवतं. नडगीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, हिरड्यांतून रक्त, काळी शी, हे त्याच दिवशी सांगायचं. अचानक खूप डोकं दुखणं, धूसर दिसणं, बोलताना शब्द अडखळणं, हे त्याच मिनिटाला.

पण सगळ्या खुणा अशा यादीत बसत नाहीत. मला आठवतात त्या एक बाई. दुपारी वॉर्डातल्या सिस्टरांच्या टेबलापाशी येऊन म्हणाल्या, ‘सिस्टर, हे चष्मा न लावता पेपर धरून बसलेत.’ आम्ही तपासलं. ताप नव्हता. नाडी मात्र वेगात होती आणि बीपी उतरलेलं होतं. डॉक्टरांनी कल्चर (जंतू शोधण्यासाठी रक्ताचा नमुना) घेऊन लगेच अँटिबायोटिक सुरू केलं, ताप त्यानंतर दोनेक तासांनी चढला. चष्म्याशिवाय पेपर हातात धरणं हे लक्षण कुठल्याच पुस्तकात नाही. ते फक्त त्या बाईंनाच कळू शकत होतं, आणि ‘उगाच काय सांगायचं’ असं न म्हणता त्या आल्या. नव्या सिस्टरांना मी हेच शिकवते, की नातेवाईक म्हणाले ‘आज हे नेहमीसारखे नाहीत’, तर ती तक्रार समजू नका, तपासा. तुम्हीही नेमकी हीच वाक्यरचना वापरा: ‘एरवी ते असं करतात, आज तसं करताहेत.’ ‘बरं दिसत नाहीये’ यापेक्षा ते कितीतरी उपयोगी.

पुढच्या फेऱ्यांमध्ये याचा आणखी एक उपयोग होईल. रेमिशन आल्यावर पुष्कळांना सायटाराबिन मोठ्या डोसमध्ये देतात. त्याचा परिणाम कधीकधी लहान मेंदूवर होतो, म्हणून डोसच्या आधी आम्ही रुग्णाला सरळ रेषेत चालायला लावतो, नाकाला बोट लावायला सांगतो, आणि एका कागदावर रोज सही करून घेतो. त्यांची सही तुम्ही वर्षानुवर्षं बघत आला आहात. अक्षर वाकडंतिकडं व्हायला लागलं तर ते तुमच्या नजरेत आमच्याआधी येईल.

रात्रीचं एक. प्लेटलेट कमी, हिमोग्लोबिन कमी, त्यात सलाईन चालू असल्यामुळे सारखं लघवीला उठावं लागतं. अंधारात घाईनं उठून चक्कर येऊन पडणं, डोकं आपटणं, याची आम्हाला फार धास्ती असते. उठण्याआधी मिनिटभर पलंगाच्या कडेला पाय सोडून बसायचं, पायात न घसरणारी चप्पल, बाथरूमचा दिवा चालू. त्यांना आधार घ्यायला संकोच वाटत असेल तर सिस्टरला सांगा, आमच्याकडून घेतात बऱ्याचदा.

या सगळ्यासाठी एक वही करा. रोज एक पान पुरे: ताप कधी आणि किती, काय पोटात गेलं, शौचास झाली का, झोप कशी लागली, नवीन काय दिसलं. बद्धकोष्ठ लाजेपोटी कुणी सांगत नाही, पण कुंथणं या टप्प्यावर चांगलं नाही आणि एनिमा वगैरे देता येत नाही, म्हणून ते लवकर कळायला हवं. पानाच्या तळाशी राउंडसाठी प्रश्न लिहा, जास्तीत जास्त तीन. डॉक्टर उभ्या उभ्या येतात, तुम्ही गोंधळता, ते निघून गेले की सगळं आठवतं; वही उघडी असेल तर असं होत नाही. आणि त्या तिनातला एक प्रश्न रोज हाच ठेवा: ‘आज तुम्हाला कशाची जास्त काळजी वाटते, आणि मी कशावर लक्ष ठेवू?’ या प्रश्नाला डॉक्टर थांबून उत्तर देतात, असा माझा अनुभव आहे.

जेवणाबद्दल. तुम्ही ‘दोन घास तरी खा’ म्हणता आणि ते चिडतात. आधी त्यांचं तोंड बघा. खरंच, टॉर्च घेऊन बघा. केमोनंतर साधारण याच दिवसांत तोंडातलं आतलं कातडं सोलवटतं, घशापर्यंत फोड येतात. पाणी गिळतानासुद्धा आग होते आणि बरेच पुरुष ते सांगत नाहीत. पांढरे चट्टे दिसले तर बुरशीचं इन्फेक्शन असू शकतं. दोन्हीला औषध आहे. खाण्याच्या अर्धा तास आधी तोंड बधिर करणारं किंवा वेदनाशामक औषध मिळालं की माणूस निदान गार, पातळ काहीतरी घेतो. ‘जेवायला हवं’ हा विषय नवराबायकोत ठेवू नका, ‘तोंड दुखतंय’ हा विषय डॉक्टरांकडे न्या. मळमळ असेल तर डब्याचं झाकण खोलीबाहेर उघडा, वासाची पहिली वाफ तिथेच जाऊ द्या. काय चालेल आणि काय नाही हे आहारतज्ज्ञांना विचारा. अतिकडक पथ्यानं इन्फेक्शन कमी होतं असं चाचण्यांमध्ये सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे आजकाल पुष्कळ ठिकाणी स्वच्छ, ताजं आणि नीट शिजवलेलं यावरच भर असतो. घास मोजू नका. या दोन-तीन आठवड्यांत वजन उतरणारच, ते नंतर भरून काढता येतं.

आता त्यांच्या गप्प राहण्याबद्दल, कारण मला वाटतं तुम्हाला सगळ्यात जास्त तेच लागतंय.

त्याला एकच कारण नसतं. हिमोग्लोबिन सात-आठवर आलेल्या माणसाला कूस बदलायलाही कष्ट पडतात, तिथे बोलणं हे काम होऊन बसतं. दुखत असतं. भीती असते, आणि तुम्हाला ती दिसू नये म्हणूनही ते भिंतीकडे वळत असतील. आणि आणखी एक गोष्ट आहे जिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही: दाखल झाल्यापासून त्यांच्या हातात एकही निर्णय उरलेला नाही. कधी उठायचं, कधी रक्त द्यायचं, काय खायचं, कोण आत येणार, सगळं दुसरे ठरवतात. मग बायकोही ‘हे खा, ते प्या, मास्क नीट लावा’ म्हणायला लागली की ती आणखी एक सिस्टर होते, आणि त्यांच्याजवळ बायकोच उरत नाही.

एक जोडपं आमच्याकडे होतं, ते गृहस्थ असेच आठवडाभर बोलत नव्हते. त्यांच्या बायकोनं एका संध्याकाळी आत आल्यावर कशी आहे तब्येत वगैरे काही विचारलं नाही. दाराशी उभं राहून म्हणाली, ‘वरचा दिवा ठेवू, की बाजूचा?’ ते म्हणाले, ‘बाजूचा.’ मग ‘खुर्ची इकडे घेऊ का खिडकीपाशी?’ ‘इकडे.’ मी सलाईन बदलत होते, मला आठवतं. संवाद म्हणावा असं त्यात काही नव्हतं, पण दिवसभरात त्यांना कुणी विचारलेल्या या पहिल्याच दोन गोष्टी होत्या ज्यांचं उत्तर त्यांचं त्यांना ठरवता आलं. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते: खरीखुरी निवड विचारा, लहान असली तरी. आंघोळ आत्ता की तासाभरानं? भावाचा फोन आलाय, घ्यायचाय की नंतर सांगू? आज बोलायचंय की मी नुसती बसू? ‘नुसती बस’ असं उत्तर आलं तर नुसत्या बसा. पुस्तक वाचा, विणकाम करा, ऑफिसचं काम करा.

‘काही होणार नाही तुम्हाला’ हे मात्र म्हणू नका. ते खरं आहे की नाही तुम्हालाही माहीत नाही आणि त्यांना ते कळतं. त्या वाक्यानंतर माणसाला स्वतःची भीती बोलायला जागा राहत नाही. त्याऐवजी ‘मलाही भीती वाटते’ म्हणालात तरी चालतं. त्यांच्यासमोर डोळ्यांत पाणी आलं म्हणून काउंट पडत नाहीत. तुम्ही रोज जिन्यात जाऊन रडून, तोंड धुऊन परत येता असं लिहिलंय. त्यांना ते समजत नसेल असं मला वाटत नाही.

चिडण्याचंही तसंच. सगळ्यात जवळच्या माणसावरच चिडता येतं, हे खरं असलं तरी ते रोज सोसणं सोपं नाही. ‘आत्ता तुम्ही ओरडलात ते मला लागलं, मी दहा मिनिटांनी येते’ म्हणून बाहेर जाणं यात काहीही चूक नाही. उपचारात स्टेरॉइड असतील तर चिडचिड आणि झोप उडणं त्यानंही होतं, तेव्हा औषधांची यादी विचारून घ्या. आणि दोन आठवडे उलटून गेले, अंगात थोडं बळ आलं, तरी ते तसेच कशातच रस नसलेले, झोप नाही, ‘कशाला हे सगळं’ म्हणणारे राहिले, तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञांना बोलवायला सांगा. नैराश्य हाही उपचार होणारा आजार आहे. केमोच्या बरोबरीनं त्याचंही औषध चालू असलेले पुष्कळ रुग्ण मी बघितलेत.

स्पर्शाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण इन्फेक्शनच्या भीतीनं पुष्कळ जोडीदार हातसुद्धा लावत नाहीत, म्हणून सांगते. साबणानं नीट हात धुतले, तुम्हाला सर्दी-खोकला-जुलाब-अंगावर पुरळ नसेल, तर हात धरा, पाय चेपा अगदी हलक्या हातानं, कपाळावर हात ठेवा. केमोच्या औषधाचा अंश डोस संपल्यानंतर साधारण ४८ तास लघवी, शौच, उलटी यातून जातो. त्या काळात साफसफाई करताना हातमोजे घालायचे, बास. जवळ बसण्याला त्यानं काही बाधा येत नाही.

आणि एक अवघड गोष्ट. एएमएलमध्ये सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, हे डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं असेल. तब्येत थोडी बरी असेल अशा एखाद्या दिवशी त्यांना विचारून ठेवा: तुम्हाला बोलता येत नसेल तेव्हा निर्णय मी घ्यायचे का, आयसीयूची वेळ आली तर तुम्हाला काय वाटतं, कुठली गोष्ट अजिबात नको? असं बोलल्यानं अशुभ घडत नाही. ज्या जोडप्यांनी हे आधी बोलून ठेवलं होतं, त्यातल्या बायकांना मध्यरात्री फॉर्मवर सही करताना निदान एवढं माहीत होतं की आपण त्यांच्याच मनातलं करतोय.

नातेवाईकांचं थोडक्यात: एकाला निरोप्या नेमा. दीर, बहीण, कुणीही. तुम्ही दिवसातून एकदा त्यांना चार ओळी सांगायच्या, बाकी सगळ्यांनी त्यांना विचारायचं. भेटायला येऊ नका हेही त्यांनीच सांगायचं. आणि ‘आमच्या अमक्याला पण ब्लड कॅन्सर होता’ अशा गोष्टी कानाआड करा, चांगल्या असोत की वाईट. ब्लड कॅन्सर या एका नावाखाली पूर्ण वेगवेगळे आजार येतात. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाचे रुग्ण २००१ मध्ये इमॅटिनिब आल्यापासून रोजच्या गोळीवर वर्षानुवर्षं कामाला जातात. एएमएलमध्येसुद्धा प्रोमायलोसायटिक नावाचा एक प्रकार आहे, जो पूर्वी रक्तस्रावानं झपाट्यानं माणूस न्यायचा. आता एटीआरए आणि आर्सेनिक या औषधांनी त्यातले बहुतेक बरे होतात. कुणाच्या रिपोर्टमध्ये एफएलटी३ हे बदललेलं जनुक निघतं, त्यांच्यासाठी २०१७ पासून मिडोस्टॉरिन हे जोड-औषध वापरात आहे. म्हणून दुसऱ्याची कहाणी तुमच्या उपयोगाची नाही. डॉक्टरांना विचारायचं ते हे: यांचा प्रकार कोणता, जनुकीय तपासणीत काय आलं, आणि त्यावरून पुढे नुसती केमो की मॅरोचा ट्रान्सप्लांट?

त्यावरून तुमचा मॅरोचा प्रश्न. पुष्कळ बायका आणि नवरे हा प्रश्न विचारतात, आणि तो ऐकला की मला भरून येतं. पण नवराबायकोचं रक्ताचं नातं नसेल तर एचएलए, म्हणजे दाता जुळतो का हे ठरवणाऱ्या पेशींवरच्या खुणा, जुळणं अगदी क्वचित घडतं. पूर्ण जुळण्याची शक्यता सख्ख्या भावंडांत असते, प्रत्येक भावंडामागे २५ टक्के. अर्धी जुळणी मुलांची, आईवडिलांची असते आणि आता तशीही ट्रान्सप्लांट होतात. शिवाय नात्याबाहेरच्या दात्यांच्या नोंदणी संस्था असतात. ट्रान्सप्लांट लागेल की नाही हे ठरायच्या आधीच भावंडांची तपासणी करून ठेवावी का, हे मात्र आत्ता विचारा, वेळ वाचतो. आणि एक काळजी: दाता ठरू शकणाऱ्या जवळच्या नातलगांचं रक्त किंवा प्लेटलेट डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांना देऊ नका. त्यांच्या शरीरात त्या नातलगांच्या पेशींविरुद्ध अँटिबॉडी तयार झाल्या तर पुढे ट्रान्सप्लांटला अडचण येऊ शकते. प्लेटलेटची पिशवी साधारण पाचच दिवस टिकते, त्यामुळे दाते सतत लागतात. मित्रमंडळी, ऑफिसातले लोक यांची यादी करून त्यांना थोड्या थोड्या दिवसांनी पाठवणं, हे काम निरोप्यावर सोपवा.

आतापर्यंतचं सगळं एका दमात: आकड्यांमागे धावू नका, बदल ओळखा आणि लगेच सांगा, वही ठेवा, जेवणाचं भांडण डॉक्टरांकडे न्या, लहान निर्णय त्यांचे त्यांना घेऊ द्या. आता राहिल्या तुम्ही स्वतः.

खुर्चीतल्या झोपेबद्दल मला स्पष्ट सांगायचंय. हा उपचार एकदा दाखल होऊन संपणारा नाही. रेमिशन आलं तरी त्यापुढे केमोच्या आणखी फेऱ्या किंवा ट्रान्सप्लांट, म्हणजे काही महिने नक्की. ‘स्वतःचीही काळजी घ्या’ हे वाक्य तुम्ही शंभरदा ऐकलं असेल आणि त्यानं काही होत नाही, म्हणून मी त्यांच्या बाजूनं कारण सांगते. न झोपलेल्या माणसाची प्रतिकारशक्ती घटते. तुम्हाला सर्दी झाली तर वॉर्डात येता येणार नाही, आणि तेव्हा त्यांच्याजवळ बसायला, त्यांच्या सवयी माहीत असलेलं दुसरं कुणीच तयार नसेल. म्हणून आत्ताच एक माणूस तयार करा. भाऊ, मोठा मुलगा, जवळचा मित्र, ज्याच्यासमोर त्यांना संकोच वाटणार नाही असा कुणी. त्याला वही दाखवा, ३८ चा आकडा सांगा, बेल कधी दाबायची ते सांगा. आठवड्यातून निदान दोन-तीन रात्री तो थांबेल आणि तुम्ही घरी पलंगावर झोपाल. तुम्ही नसताना काही झालं तर, असं मनात येईल. रात्रपाळीची सिस्टर जागीच असते, आणि काही झालं तर फोन येतो. घरातल्या सगळ्यांनी फ्लूची लस घ्यावी का, तेही विचारून ठेवा.

रजेचं. तुम्ही बिनपगारी रजा घेऊन आत्ता सलग बसायच्या विचारात आहात. माझं मत वेगळं आहे. आत्ता ते अशा ठिकाणी आहेत जिथे चोवीस तास कुणीतरी त्यांचा ताप मोजतंय. शक्य असेल तर अर्धा दिवस कामावर जा, घरून काम मिळत असेल तर मागा, आणि शिल्लक रजा डिस्चार्जनंतरच्या दिवसांसाठी ठेवा. फेऱ्यांच्या मध्ये ते घरी येतील, पुढच्या डोसनंतर काउंट पुन्हा पडतील, आणि तेव्हा ताप मोजणारं, ठिपके बघणारं, रात्री हात धरून उठवणारं घरात दुसरं कुणी नसेल. त्या दिवसांत तुम्ही घरी असायला हव्यात. डिस्चार्जच्या दिवशी वॉर्डाचा रात्रीसुद्धा लागणारा फोन नंबर लिहून घ्या, डिजिटल थर्मामीटर दोन ठेवा, दाखल व्हायची बॅग दाराशी भरून ठेवा. आणि रात्री दोन वाजता ३८ दिसला, त्यांनी ‘सकाळी बघू’ म्हटलं, तर ही एकच निवड त्यांच्यावर सोडू नका. फोन करा आणि निघा.